पहिली-दुसरीच्या खोलीत भाषेचे कोपरे मांडताना

भाषेचे कोपरे म्हणजे खोलीत ठरवून दिलेल्या जागा, जिथे मुलं गटागटानं वाचन-लेखनाचं काम आपलं आपण करतात. ते मांडायचं ठरलं की आधी सामानाची यादी निघते. तक्ते, कार्डं, टोपल्या, रंगीत दोऱ्या. आमचीही तशीच निघाली होती, आणि पहिला महिनाभर आम्ही सामानच करत बसलो. पण कोपरे लागतात ते दुसऱ्याच कारणासाठी. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पहिली आणि दुसरी एका खोलीत, पट 28. त्यातली काही मुलं एकही अक्षर न ओळखणारी, काही गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचणारी. या सगळ्यांना एका फळ्यासमोर बसवून वाचायला शिकवता येत नाही. पाच-सहा मुलांना जवळ घेऊन 20 मिनिटं बसलं, तरच कोण कुठे अडतंय ते कानाला कळतं. त्या 20 मिनिटांत उरलेल्या 22 मुलांनी बाईंवाचून भाषेचं खरं काम करत राहावं, म्हणून कोपरे.

हे एकदा पक्कं झालं की बाकीचे निर्णय सोपे होतात. कोपऱ्यात नवं काही शिकवायचं नाही. बाईंजवळ चटईवर जे शिकून झालंय ते कोपऱ्यात घोटायचं. कोणतंही साहित्य कोपऱ्यात ठेवण्याआधी आम्ही एवढंच बघतो: सगळ्यात मागे असलेलं मूल हे कुणाला न विचारता करू शकेल का? उत्तर नाही असेल, तर साहित्य कितीही सुंदर असो, ते चटईवरच राहतं.

वेळेचा हिशेब आधी करावा, जागेचा नंतर. आम्ही भाषेचे 35 मिनिटांचे दोन तास जोडून घेतो. पहिली 10 मिनिटं सगळे एकत्र, गोष्ट किंवा गाणं. मग 20 मिनिटांची एक पाळी, 5 मिनिटं जागा बदलायला, पुन्हा 20 मिनिटांची पाळी, 5 मिनिटं आवराआवर आणि शेवटची 10 मिनिटं पुन्हा एकत्र. दिवसाला दोन पाळ्या, सोमवार ते शुक्रवार मिळून दहा. गट पाच, जागा पाच: चार कोपरे (अक्षरं, पुस्तकं, जोडीवाचन, लेखन) आणि बाईंची चटई. सरळ वाटणी केली तर प्रत्येक गट चटईवर आठवड्यातून दोनदा येतो. पण अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांना दोनदा पुरत नाही. म्हणून चटईच्या दहा पाळ्या आम्ही 3, 3, 2, 1, 1 अशा वाटतो. वाचू लागलेल्यांना आठवड्यातून एकदा बसलं तरी चालतं, त्यांचं पुस्तकांशी जास्त जमतं. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा कोपरे लावत नाही. तो दिवस फाटलेलं शिवायला, हरवलेलं मोजायला आणि मोठी गोष्ट वाचायला.

गटांना झाडांची नावं दिली: आंबा, चिंच, जांभूळ, बोर, करवंद. इयत्तेप्रमाणे गट पाडले नाहीत. दुसरीतलं मूल अक्षरांवर अडत असेल तर ते पहिलीतल्यांबरोबर बसतं. दर सहा आठवड्यांनी गट मोडून पुन्हा लावायचे, हे मात्र न चुकता. गट वर्षभर तसाच राहिला की कोणतं झाड 'मागचं' ते मुलांना बरोब्बर कळतं आणि मग नाव बदलूनही उपयोग होत नाही.

जागा ठरवताना आवाज, उजेड आणि पंखा या तिन्हींचा विचार करावा लागतो. जोडीनं मोठ्यानं वाचायचा कोपरा चटईपासून सगळ्यात लांब. पुस्तकांचा कोपरा चटईच्या शेजारी, कारण तिथे शांतता असते. लिहिण्याचा खिडकीखाली. अक्षरकार्डांचा कोपरा पंख्याखाली अजिबात नको. आमचा होता, आणि पाच मिनिटांत शब्दाचा पाचोळा व्हायचा. आता कार्डं मिठाईच्या खोक्याच्या झाकणात मांडतात; झाकणाच्या कडेनं कार्ड अडतं आणि उचलून दुसरीकडे नेलं तरी शब्द मोडत नाही.

कोपऱ्याच्या सीमा आधी पंधरा दिवस खडूनंच आखाव्यात. कृतीतून शिकवण्यासाठी नावाजलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघून आल्यापासून अनेकांनी जमिनीवर ऑइलपेंटनं आखणी केली, आम्हीही केली. पण घाईनं केलेली आखणी चुकीच्या जागी कायमची राहते. जागा पक्की झाल्यावर फरशी आधी धुऊन, सुकवून, पॉलिशपेपरनं घासून घ्यायची, मग दोन हात रंग. शनिवारी शाळा सुटल्यावर रंगवलं तर सोमवारपर्यंत वाळतं. न घासता दिलेला रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरतो, आणि मुलं ते नखानं काढत बसतात.

आता एकेक कोपरा. अक्षरांच्या कोपऱ्यावर आमची सगळ्यात जास्त मेहनत गेली आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच झाल्या.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं घेत नाही. क, ख, ग, घ शिकून शब्द काही होत नाहीत. आमचा पहिला गट क, म, ल, ब, र आणि काना. एवढ्यातून काका, मामा, बाबा, लाल, रबर, मका, बकरा, काम, काल, मला, बाक, कमाल असे सगळे रोजच्या बोलण्यातले शब्द तयार होतात, आणि 'मामा, काम कर' हे आख्खं वाक्यही. पुढे दुसरी वेलांटी आली की त्याच अक्षरांवर काकी, मामी, बकरी, बाकी. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं एका गटात कधीच आणायची नाहीत: घ-ध, भ-म, ब-व, ट-ठ-ढ. ख तर 'रव' असा वाचला जातो, म्हणून तो र आणि व दोन्ही पक्के झाल्यावरच. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत. चमचा आणि चिमणी एकाच दिवशी चित्रात दाखवले तर मूल गोंधळतं. आधी चमचा, चाक; चहा आणि चिमणी महिनाभरानं.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद सगळ्यात उत्तम. आकार 6 सेंटिमीटर रुंद, 8 उंच. अक्षर मधोमध 3 सेंटिमीटरचं, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर मोकळं. शिरोरेषा वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर, आणि ती कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शिरोरेषा आधी पट्टीनं सगळ्या कार्डांवर मारून घ्यायची, अक्षरं मागाहून. याचे दोन फायदे. कार्डं शेजारी ठेवली की रेषेला रेष जुळते आणि शब्द एकसंध दिसतो. शिवाय कार्ड उलटं धरलं तर रेष खाली जाते आणि मुलाचं मूलच ते फिरवतं.

अक्षरं हातानंच काढावीत. संगणकावरून छापलेल्या कार्डांत बऱ्याचदा हिंदी वळणाचा दंडाचा ल येतो. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, राज्य शासनानं 2009 मध्ये तसं ठरवूनही दिलंय आणि मुलांच्या पुस्तकात तेच आहे. कार्डावर एक ल आणि पुस्तकात दुसरा, तर सहा वर्षांच्या मुलासाठी ती दोन वेगळी अक्षरं झाली.

काना-मात्रा वेगळ्या कार्डांवर लिहिल्या तर त्या अक्षराला चिकटत नाहीत, शेजारी नुसत्या उभ्या राहतात. म्हणून जुन्या पारदर्शक फायलींचं प्लॅस्टिक त्याच मापानं कापलं आणि त्यावर मात्रा काढली. मूल प्लॅस्टिक अक्षरावर ठेवतं: क वर काना, झाला का. स्केचपेन प्लॅस्टिकवर टिकत नाही, परमनंट मार्करच हवा. आणि इथे एक गंमतीचा वाटणारा पण खरा घोळ आहे. पहिल्या वेलांटीचं प्लॅस्टिक पालथं पडलं की ती दुसरी वेलांटी होते! मुलं दोन आठवडे 'कि' आणि 'की' उलटसुलट लावत होती आणि आम्ही त्यांनाच पुन्हा शिकवत होतो. मग प्रत्येक प्लॅस्टिकचा उजवा वरचा कोपरा कात्रीनं तिरका कापला. कापलेला कोपरा उजवीकडे वर असला की मात्रा सरळ. एवढं मुलं पहिल्याच दिवशी शिकतात.

संख्येची चूकही सांगण्यासारखी आहे. पहिल्या संचात प्रत्येक अक्षर एकेकदाच होतं. मुलांनी सगळ्यात आधी मामा, काका, बाबा लावायला घेतलं आणि दुसऱ्या अक्षराला अडली. आता एका जोडीच्या संचात प्रत्येक अक्षराची दोन कार्डं आणि दोन काने, म्हणजे दहा कार्डं आणि दोन प्लॅस्टिकं. सहा मुलांच्या तीन जोड्या, म्हणून तीन संच. प्रत्येक संचाच्या कार्डांना मागून वेगळ्या रंगाचा ठिपका, नाहीतर आवरताना सगळे संच एक होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाकडे चार म आणि कुणाकडे एकही नाही.

चित्रकार्ड उचलायचं, शब्द लावायचा, पाटीवर लिहायचा. असे तीन शब्द झाले की पाटी भिंतीला टेकून उभी करायची, पुसायची नाही. पाळी बदलताना बाई एका मिनिटात सगळ्या पाट्या बघू शकतात. वही दिली तर तपासायचा ढीग होतो, आणि पाटी पुसून टाकली तर काय झालं ते कळतच नाही.

चित्रं निवडताना आधी मुलांना विचारावं, तुम्ही याला काय म्हणता? बाजारच्या तक्त्यावर यज्ञ, षटकोन, ईडलिंबू असतात. बदक काढलं आणि मूल पाखरू म्हणालं, तर त्यानं काही चूक केलेली नाही, चित्र चुकलंय. बोलीतला शब्द त्या अक्षरांत बसत असेल तर आम्ही तोच ठेवतो.

पुस्तकांच्या कोपऱ्याचा मुख्य प्रश्न पुस्तकं नसणं हा क्वचितच असतो. ती कपाटात कुलपाखाली असतात. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलंय, पुस्तकं येतातही, पण ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीला, चढतात आणि फाटली तर जबाबदार कोण, या धास्तीनं बाहेर येत नाहीत. ही धास्ती खोटी नाही. त्यावर उपाय कागदावरचाच आहे: मुलांच्या वापरानं पुस्तकं झिजणार हे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच मांडून ठराव घ्यायचा, आणि वर्षाच्या शेवटी फाटलेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे ती नोंदीतून कमी करायची. ठराव झाल्यावर आमच्याकडे कुलूप पुन्हा लागलं नाही.

लहान मुलांची पुस्तकं सोळा-चोवीस पानांची, मधे पिना मारलेली असतात. त्यांना कणा नसतो. फळीवर उभी केली तर नाव दिसत नाही, खोक्यात रचली तर वरची दोनच दिसतात. म्हणून मुखपृष्ठ समोर येईल अशीच ती मांडायला हवीत. दोन सुतळ्या भिंतीला आडव्या, खालची जमिनीपासून एक फुटावर, वरची अडीच फुटांवर, त्यावर पुस्तकं मधोमध उघडून अडकवलेली. सुतळी भिंतीपासून दोन इंच पुढे ताणावी; जून-जुलैत भिंतीला ओल येते आणि टेकलेली पुस्तकं फुगतात. एका वेळी 30 पुस्तकं पुरेत, जास्त लावली की मुलं नुसती उलटत बसतात. दर पंधरा दिवसांनी दहा बदलायची. मुलांना पाठ झालेली मात्र काढायची नाहीत. पाठ झालेलं पुस्तक बोट ठेवून 'वाचणं' हे वाचनाकडे जाणारंच पाऊल आहे. पुस्तकं कमी असतील तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत मिळतात. पहिलीसाठी पहिल्या पातळीच्या गोष्टी कृष्णधवल छापून, मधे दोऱ्यानं शिवून ठेवल्या तरी चालतात.

पिना सुटल्या की सेलोटेप लावू नये. तो वर्षात पिवळा पडून सुटतो आणि पानाचा पापुद्रा घेऊन जातो. मधल्या घडीत तीन भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायचं आणि पाठीवर कापडाची पट्टी फेविकॉलनं लावायची. खळ वापरली तर कसर आणि उंदीर येतात. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विष आहे. मुलांच्या हातातल्या, कधी तोंडातल्या पुस्तकाला ते नको.

तिसऱ्या कोपऱ्यात आम्ही आधी मोबाइल आणि स्पीकर ठेवून गोष्ट ऐकायला लावली होती. ते बंद केलं. एका फोनभोवती सहा मुलं बसली की एकाचंच बोट पडद्यावर, आवाज सगळ्या खोलीत आणि वीज गेली की कोपराच बंद. त्याजागी जोडीवाचन आलं. दोघांत एक पुस्तक, शेजारी शेजारी, पान दोघांच्या मधे. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो. वाचणारा अडला तर बोट ठेवणाऱ्यानं मनात पाच मोजायचे, मगच शब्द सांगायचा. हे पाच मोजणं शिकवायला आम्हाला आठवडा लागला आणि तो पूर्ण वसूल झाला. कारण लगेच शब्द सांगणारा जोडीदार मिळाला की अडणारं मूल प्रयत्न करणंच सोडतं. इथे सगळ्यात कामाला येतात ती गेल्या वर्षीची पहिलीची पाठ्यपुस्तकं. वर गेलेल्या मुलांकडून मे महिन्यातच मागून ठेवावीत. दुसरीतली मुलं ती मोठ्या थाटात वाचतात, आणि वाचता येतंय हे त्यांचं त्यांना कळतं.

लेखनाच्या कोपऱ्याला पाठकोरे कागद, कॅलेंडरची जुनी पानं आणि टोक केलेल्या 12 पेन्सिली लागतात. पेन्सिल मोडणं ही या कोपऱ्यातली सगळ्यात मोठी अडचण. एक मूल टोक करायला उठलं की तीन उठतात. म्हणून दोन डबे: एकात टोकदार, दुसऱ्यात मोडक्या. मोडली की टाकायची आणि दुसरी घ्यायची. टोक करायचं ते दुपारी. लिहायला विषय साधे आणि खरे असावेत. आज आहारात काय शिजलं, कोण आलं नाही, घरी काय झालं. बिस्किटांच्या खोक्याची पत्रपेटी केली आणि मुलं एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागली. 'तु माज्या शेजरी बस' ही चिठ्ठी जशीच्या तशी पोचू द्यावी. लाल पेन या कोपऱ्यात नको. ऱ्हस्वदीर्घाचं आणि कान्याचं काम चटईवर करता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे सुरुवात. पहिल्या वर्षी आम्ही चारही कोपरे एकाच सोमवारी उघडले. बुधवारी बंद करावे लागले. मुलांना साहित्य नवं, जागा नवी, नियम नवे, आणि बाई चटईवर बसून कुणाशी तरी बोलतायत. आता एका वेळी एकच कोपरा उघडतो. पहिला आठवडा फक्त पुस्तकं, सगळ्या वर्गानं. काय करायचं ते आधी दाखवायचं, मग दोन मुलांकडून करवून घ्यायचं, मग सगळ्यांनी. पहिल्या दिवशी सात मिनिटंच, आणि मुलं कंटाळायच्या आधी थांबवायचं. रोज एक-दोन मिनिटं वाढवत वीसपर्यंत न्यायचं. दर आठवड्याला एक कोपरा वाढतो. चार आठवड्यांत चार होतात आणि पाचव्यात पाळ्या सुरू. हे पाच आठवडे बाईंनी चटईवर बसायचं नाही, फिरायचं. त्यानंतर मात्र चटईवरून उठायचं नाही. एकदा उठलं की मुलांना कळतं, हाक मारली की बाई येतात.

इशाऱ्यासाठी डफली घ्यावी. घंटा वाजली की निम्मी मुलं शाळा सुटली म्हणून दप्तर उचलतात. प्रश्न पडला तर आधी गटातल्या दोघांना विचारायचं. आणि 'बाई, झालं' यावर तोडगा हवाच, कारण चटईवरचं काम सगळ्यात जास्त तेच मोडतं. प्रत्येक कोपऱ्यात 'झालं तर' असं एक चित्रकार्ड लावलंय. अक्षरांचं झालं तर त्याच शब्दांचं वाक्य लाव, जोडीचं झालं तर पुस्तक अदलाबदल करून पुन्हा वाच. सूचना चित्रांतच, वाचता न येणाऱ्या मुलासाठी लेखी सूचना म्हणजे पुन्हा बाईंनाच हाक.

हे सगळं बसल्यावरही मोडतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी घरं निघतात आणि सहाच्या गटात तीनच उरतात. तेव्हा दोन गट एक करावे आणि त्या दिवशी एक कोपरा बंद ठेवावा. गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याला जुन्या गटात न बसवता चटईवर घेऊन आधी ऐकावं, ते कुठवर आहे. दोघांपैकी एकाला बैठकीला जावं लागलं की दुसऱ्याकडे चारही इयत्ता येतात. अशा दिवशी चटई बंद, फक्त पुस्तकं आणि जोडीवाचन. तिसरी-चौथीची मुलं जोडीला घेतली तर तो दिवस वाया जात नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचता यावं असं ठरलंय, त्यासाठी चाचण्या येतात, माहिती भरावी लागते. ती भरायची वेळ बहुतेकदा याच दोन तासांत येते. तिथे हट्ट धरावा, हे दोन तास सोडून कधीही भरू.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळं पत्र्याच्या पेटीत जातं, पुठ्ठ्याच्या खोक्यात नाही. उंदरांना लग्नपत्रिका फार आवडतात. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो: अक्षरांचे संच तीन, प्रत्येकात कार्डं दहा, काने दोन, कापलेला कोपरा उजवीकडे वर, पुस्तकं किती, शिवायची किती, पेटीची किल्ली कुठे. बदली झाली तर जूनमध्ये येणाऱ्या नव्या माणसाला पेटी उघडून त्याच आठवड्यात पहिला कोपरा लावता यावा, एवढं त्या कागदावर असतं.